हातखंब्याहून ग्रीन कार्डपर्यंत : उतारवयातील स्थलांतराचा कायदेशीर खर्च

मुंबई-गोवा महामार्ग आणि रत्नागिरी-कोल्हापूर रस्ता जेथे एकत्र येतात, तो हातखंबा तिठा रत्नागिरी शहरापासून सुमारे १५ किलोमीटरवर आहे, आणि कोकणातील माणसांचे घराबाहेर पडणे पिढ्यानपिढ्या अशाच तिठ्यांवरून होत आले आहे. आधीच्या पिढ्या मुंबईच्या गिरण्यांत आणि गोदीत गेल्या, अनेक घरांतील कर्ते पुरुष आखाती देशांत गेले, आणि गेल्या काही दशकांत शिकलेली मुले अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, ब्रिटन येथे स्थायिक झाली. या शेवटच्या पिढीचे आईवडील आता निवृत्त झाले असून त्यांनी कायमचे मुलांकडे जावे की गावीच राहावे, हा प्रश्न घरोघरी उभा आहे. त्याची चर्चा बहुधा मायेच्या, आजारपणाच्या आणि एकटेपणाच्या अंगाने होते, आणि ते स्वाभाविकही आहे. परंतु या निर्णयाला एक कायदेशीर किंमत असते आणि तिचा हिशेब सहसा शेवटी मांडला जातो. अर्जाची फी हा त्या किमतीचा लहान भाग असून मोठा भाग गावातील जुन्या कागदांत आणि स्थलांतरानंतर दरवर्षी येणाऱ्या करविषयक बंधनांत दडलेला असतो, हे आधी कळले तर अनेक कुटुंबांचा निर्णय वेगळा होऊ शकेल.

केवळ निवृत्त व्यक्ती म्हणून, स्वतःच्या बचतीच्या बळावर, मुले जेथे आहेत तेथे राहण्याचा परवाना मिळेल अशी अनेकांची समजूत असते. ब्रिटनमध्ये स्वतंत्र उत्पन्न असलेल्या निवृत्तांसाठी असा मार्ग होता, तो नोव्हेंबर २००८ मध्ये नव्या अर्जदारांसाठी बंद झाला. ऑस्ट्रेलियातील गुंतवणूकदार निवृत्तांचा व्हिसा २०१८ मध्ये बंद झाला. अमेरिकेत आणि कॅनडात असा स्वतंत्र प्रकार नाहीच. निवृत्तांचे स्वागत करणारे देश आहेत, पण ते वेगळे. थायलंड पन्नाशी ओलांडलेल्यांना बँकेत ८ लाख बात ठेवण्याच्या अटीवर वर्षभराचा परवाना देतो, तर संयुक्त अरब अमिराती ५५ वर्षांवरील व्यक्तीला १० लाख दिऱ्हमची बचत किंवा तेवढ्याच किमतीची मालमत्ता असल्यास पाच वर्षांचा परवाना देते. कोकणातील बहुसंख्य निवृत्तांना त्यामुळे मुलांच्या नात्यानेच अर्ज करावा लागतो.

या नात्याच्या वाटेत अमेरिकेची वाट सर्वांत मोकळी आहे. मुलगा किंवा मुलगी अमेरिकेची नागरिक असेल आणि वय किमान २१ असेल, तर आईवडील ‘निकटचे नातेवाईक’ या वर्गात मोडतात आणि त्यांना वार्षिक संख्येची मर्यादा लागू होत नाही. मात्र अपत्याकडे केवळ ग्रीन कार्ड असेल, तर आईवडिलांसाठी अर्ज करताच येत नाही. एप्रिल २०२४ पासूनच्या दरांनुसार नाते सिद्ध करणाऱ्या आय-१३० अर्जाला ऑनलाइन ६२५ डॉलर, व्हिसा प्रक्रियेला ३२५ डॉलर, प्रायोजकाच्या हमीपत्राच्या तपासणीला १२० डॉलर आणि ग्रीन कार्ड तयार करण्याला २३५ डॉलर अशी १,३०५ डॉलरची रक्कम होते. डॉलरचा भाव ८५ रुपये धरला, तर ती एका व्यक्तीसाठी सुमारे १ लाख ११ हजार रुपये भरते. या वर्गात पतीच्या अर्जात पत्नीचा समावेश होत नाही, दोघांसाठी दोन स्वतंत्र अर्ज करावे लागतात, त्यामुळे दाम्पत्याचा केवळ सरकारी खर्च सव्वादोन लाखांच्या आसपास जातो. त्यात ठरवून दिलेल्या डॉक्टरांकडील वैद्यकीय तपासणी, मुलाखतीसाठी मुंबईच्या फेऱ्या आणि वकील नेमल्यास त्याची हजार ते काही हजार डॉलरची फी मिळवावी लागते. हमीपत्रात अपत्याला आपले उत्पन्न दारिद्र्यरेषेच्या किमान १२५ टक्के असल्याचे दाखवावे लागते आणि ते बंधन कायद्याने अंमलात आणता येते, म्हणून त्यावरील सही ही निव्वळ औपचारिकता समजू नये.

कागदपत्रांचा भाग मात्र अमेरिकेत नव्हे, तर गावात घडतो, आणि हातखंब्यासारख्या गावात जन्मलेल्या माणसाची खरी कसोटी तेथेच लागते. जन्म-मृत्यू नोंदणीचा केंद्रीय कायदा १९६९ चा आणि त्याची अंमलबजावणी १९७० पासूनची. आज निवृत्त झालेली पिढी त्याआधी जन्मलेली आहे, तिचे जन्म बहुधा घरीच झाले आणि अनेकांची नोंद मुळातच झाली नाही. झाली असल्यास ती गाव नमुना १४ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या, कोतवालाकडून भरल्या गेलेल्या नोंदवहीत तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात सापडू शकते. तीत बाळाचे नाव अनेकदा नसते, केवळ बापाचे नाव आणि मुलगा की मुलगी एवढेच असते, आणि जुनी नोंद मोडी लिपीत असल्यास वाचणारा जाणकार व अधिकृत भाषांतर या दोहोंचा खर्च येतो. नोंद नसेल तर ग्रामपंचायतीकडून किंवा निबंधकाकडून ‘नोंद आढळत नाही’ असा दाखला घ्यावा लागतो आणि त्याला शाळा सोडल्याचा दाखला, शाळेच्या जनरल रजिस्टरचा उतारा आणि जन्माची माहिती असलेल्या वडीलधाऱ्या नातेवाइकांची शपथपत्रे जोडावी लागतात. सत्तरीतल्या माणसाच्या जन्माची माहिती असलेला माणूस हयात मिळणे हेच अवघड असते, म्हणून हे काम मुलाने अर्ज भरण्याच्या कितीतरी आधी सुरू करणे शहाणपणाचे आहे.

आईच्या कागदपत्रांत अडचण आणखी वाढते. लग्नात मुलीचे पहिले नावही बदलण्याची रीत कोकणात दीर्घकाळ होती, त्यामुळे शाळेच्या दाखल्यावर माहेरचे, रेशनकार्डावर सासरचे आणि मुलाच्या जन्मदाखल्यावर कधी घरात हाक मारण्याचे अशी एकाच स्त्रीची तीन नावे आढळतात. या तिन्ही नावांची व्यक्ती एकच आहे, हे परदेशी अधिकाऱ्याला शब्दावर पटत नाही. त्यासाठी शपथपत्र, महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रात नावबदलाची जाहिरात आणि विवाहनोंदणी यांचा आधार लागतो. विवाहाची नोंद राहिली असल्यास १९९८ च्या महाराष्ट्र विवाह नोंदणी कायद्याखाली ग्रामीण भागात ती ग्रामसेवकाकडे उशिराने करता येते; पन्नास वर्षांपूर्वीची लग्नपत्रिका, हयात साक्षीदार किंवा पुरोहित यांची जुळवाजुळव करताना सरकारी फीपेक्षा कितीतरी जास्त वेळ आणि पैसा जातो. ज्या बाईने आयुष्यभर घर आणि कलमे सांभाळली, तिला स्वतःची ओळख सिद्ध करण्यासाठी म्हातारपणी कार्यालयांच्या पायऱ्या झिजवाव्या लागतात, ही बाब वेदनादायक आहे आणि गावपातळीवर ग्रामपंचायतींना शिबिरे घेऊन ती सहज हलकी करता येण्याजोगी आहे.

काही देश या दाखल्यांवर अपोस्टिल मागतात. अपोस्टिल ही कागदावरील सही व शिक्का खरा असल्याची, हेग करारातील देशांमध्ये चालणारी मोहोर असून भारतात हा करार २००५ पासून लागू आहे आणि कॅनडात तो जानेवारी २०२४ पासून लागू झाला. परराष्ट्र मंत्रालयाचे शुल्क एका कागदाला ५० रुपये इतके किरकोळ आहे, परंतु त्याआधी राज्य शासनाचे प्रमाणीकरण लागते आणि एवढ्यासाठी मुंबईची फेरी टाळू पाहणारे कुटुंब मध्यस्थाला त्याच्या कित्येक पट रक्कम देते.

अन्य देशांची वाट अधिक अरुंद किंवा अधिक महाग आहे. ब्रिटनने ९ जुलै २०१२ पासून प्रौढ अवलंबितांचे नियम इतके कडक केले की अर्जदाराला रोजची कामेही दुसऱ्याच्या मदतीशिवाय होत नाहीत आणि मुलांनी पैसे पाठवूनही तशी मदत भारतात मिळू शकत नाही, या दोन्ही गोष्टी सिद्ध कराव्या लागतात. २०१७ मध्ये तेथील अपील न्यायालयानेही हे नियम वैध ठरवले. अर्जाची फी एप्रिल २०२५ पासून ३,४१३ पौंड, म्हणजे जवळपास चार लाख रुपये आहे आणि अर्ज नामंजूर झाला तरी ती परत मिळत नाही. ऑस्ट्रेलियात ज्याला अंशदायी पालक व्हिसा म्हणतात, त्यासाठी अर्जाच्या फीखेरीज दुसऱ्या हप्त्यापोटी प्रत्येकी ४३,६०० ऑस्ट्रेलियन डॉलर भरावे लागतात; स्वस्त प्रकार आहे, पण त्याची प्रतीक्षा तीस वर्षांच्या आसपास सांगितली जाते, जी सत्तरीतल्या अर्जदाराच्या बाबतीत नकाराहून वेगळी नाही. कॅनडाच्या पालक योजनेत २०२० नंतर इच्छुकांची नवी नोंदणी उघडलेली नाही. त्याऐवजी तेथील सुपर व्हिसा एका भेटीत पाच वर्षांपर्यंत राहू देतो, मात्र त्यासाठी किमान एक लाख कॅनेडियन डॉलरचा आरोग्यविमा घ्यावा लागतो, आणि वय व जुने आजार यांनुसार त्याचा हप्ता व्हिसाच्या फीच्या अनेक पट होतो.

ग्रीन कार्ड हाती आल्यावर खर्च संपला असे वाटते, परंतु दरवर्षीचा खर्च तेथूनच सुरू होतो. परकीय चलन व्यवस्थापन कायदा, ज्याला फेमा म्हणतात, त्यानुसार अनिश्चित काळासाठी देश सोडणारी व्यक्ती निघाल्यापासूनच अनिवासी ठरते आणि तिचे साधे बचत खाते अनिवासींसाठीच्या एनआरओ प्रकारात बदलून घ्यावे लागते. आयकर कायदा मात्र भारतातील वास्तव्याचे दिवस मोजतो, त्यामुळे एकच माणूस एकाच वर्षी एका कायद्याने अनिवासी आणि दुसऱ्याने निवासी असू शकतो. अनिवासी झाल्यावर ठेवींवरील व्याजातून ३० टक्के कर व त्यावरील उपकर मुळातच कापला जातो, कर टाळणारा १५एच अर्ज देता येत नाही, ज्येष्ठ नागरिकांना व्याजावर मिळणारी वजावट जाते आणि ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत नवी रक्कम ठेवता येत नाही. दोन देशांतील करकरारामुळे कापल्या जाणाऱ्या कराचा दर कमी करून घेता येतो, पण त्यासाठी तेथील कर निवासाचा दाखला आणि येथील सनदी लेखापाल, दोन्ही लागतात.

हापूसच्या बागायतदाराला सर्वांत मोठा धक्का याहून वेगळ्या ठिकाणी बसतो. भारतात शेतीचे उत्पन्न आयकरातून मुक्त आहे. अमेरिका मात्र ग्रीन कार्डधारकाच्या जगभरच्या उत्पन्नावर कर आकारते आणि भारतातील शेती उत्पन्नाला तेथे सूट नाही. वाशीच्या बाजारात गेलेल्या पेट्यांची पट्टी, कलमे कराराने दिल्यावर मिळालेली रक्कम, गावच्या बँकेतील ठेवीचे व्याज, हे सारे अमेरिकी विवरणपत्रात येते. शिवाय भारतातील सर्व खात्यांची एकत्रित शिल्लक वर्षात कधीही १०,००० डॉलरवर, म्हणजे साधारण साडेआठ लाखांवर गेली, तर कर लागू असो वा नसो, त्या खात्यांची स्वतंत्र माहिती द्यावी लागते आणि ती न दिल्यास होणारा दंड हजारो डॉलरचा असू शकतो. निवृत्तीच्या वेळी ग्रॅच्युइटी व भविष्यनिर्वाह निधी एकत्र मिळालेल्या शिक्षकाची शिल्लक ही मर्यादा सहज ओलांडते. दोन्ही देशांचे नियम जाणणाऱ्या लेखापालाची फी ही स्थलांतराच्या खर्चातील कायमची रक्कम म्हणून आधीच धरली पाहिजे.

जमिनीचा प्रश्नही देश सोडण्यापूर्वीच हाताळावा लागतो. निवासी असताना घेतलेली किंवा वारशाने आलेली शेतजमीन अनिवासी व्यक्तीला ठेवता येते, परंतु नवी शेतजमीन विकत घेता येत नाही. रत्नागिरी जिल्ह्यात एकेका सातबाऱ्यावर चुलत-आतेभावंडांची डझनावारी नावे सामाईक असतात आणि वारसनोंदी दोन-दोन पिढ्या रखडलेल्या असतात. मालक परदेशी गेल्यावर त्यातील प्रत्येक सहीसाठी मुखत्यारपत्र करावे लागते. ते परदेशात केले तर भारतीय वाणिज्य दूतावासाचे साक्षांकन आणि भारतात आल्यावर तीन महिन्यांच्या आत मुद्रांक ही दोन्ही कामे मागे लागतात. याउलट हयातीत मुलामुलीला शेतजमीन किंवा राहते घर बक्षीसपत्राने देताना महाराष्ट्रात मूळ मुद्रांक शुल्क २०० रुपये आहे, त्यावर स्थानिक अधिभार लागतो. बक्षीसपत्र करावेच असे नाही, कारण घर हातातून गेलेला वृद्ध माणूस असुरक्षित होतो. पण फेरफार, वाटणी आणि इच्छापत्र ही तीन कामे व्हिसाच्या अर्जाआधी उरकणे सर्वांत स्वस्त पडते.

सल्लागार निवडताना त्याच्या कार्यालयाच्या पाटीपेक्षा त्याचा परवाना पाहावा. ऑस्ट्रेलिया, कॅनडा आणि ब्रिटन येथे पैसे घेऊन स्थलांतराचा सल्ला देणाऱ्यांसाठी नोंदणीची व्यवस्था असून नोंदणीकृतांची यादी सर्वांना पाहता येते, आणि अमेरिकेत हे काम वकिलाने किंवा सरकारमान्य प्रतिनिधीने करायचे असते. भारतातील १९८३ चा उत्प्रवास कायदा परदेशी नोकरभरती करणाऱ्यांवर लक्ष ठेवतो. आईवडिलांचा अर्ज भरून देणारा मध्यस्थ त्याच्या कक्षेत येत नाही. अमेरिकेच्या साध्या, वादविरहित प्रकरणात अपत्याने स्वतः अर्ज भरणे शक्य असते. पूर्वी व्हिसा नाकारला गेला असेल, नावांचा घोळ मोठा असेल किंवा गुन्ह्याची नोंद असेल, तेव्हा वकिलाची फी वाचवण्यात अर्थ नाही.

स्थायी निवासाची आणखी एक अट कोकणी माणसाच्या वर्षाशी जुळत नाही. त्याचे वर्ष गणपती, शिमगा आणि आंब्याचा हंगाम यांनी बांधलेले असते, तर ग्रीन कार्ड हे कायम अमेरिकेत राहणाऱ्याचे कार्ड आहे. एक वर्षाहून अधिक काळ बाहेर राहायचे असल्यास अमेरिकेत असतानाच पुनःप्रवेश परवान्याचा अर्ज करावा लागतो, त्याची फी ६३० डॉलर असून परवाना साधारण दोन वर्षांचा असतो. सहा महिन्यांहून लांबलेल्या मुक्कामावरही विमानतळावर प्रश्न विचारले जातात. पासष्टी ओलांडलेल्या नव्या रहिवाशाला सरकारी आरोग्यविमा हप्ता भरून घेण्यासाठी सलग पाच वर्षांचे वास्तव्य लागते, तोवर खासगी विम्याचा भार मुलांवर पडतो. ज्यांची बाग अजून हाती आहे आणि प्रकृती ठीक आहे, त्यांना १८५ डॉलर फीचा, दहा वर्षांपर्यंत चालणारा आणि एका भेटीत सहसा सहा महिने राहू देणारा पर्यटक व्हिसा पुरेसा ठरतो, कारण दरवर्षी मर्यादित दिवसच राहिल्यास त्यामुळे अमेरिकी कर निवास लागू होत नाही आणि भारतातील निवासी दर्जाही टिकतो. स्थायी निवास घेऊन पुढे गावी परतायचे ठरले, तर कार्ड आय-४०७ या नमुन्याद्वारे परत करता येते आणि त्याला फी नाही. मात्र त्या वर्षापर्यंतची अमेरिकी करविवरणे पूर्ण करावी लागतात, एनआरओ खाते पुन्हा निवासी करून घ्यावे लागते आणि बँकेला तशी लेखी सूचना द्यावी लागते.