भिंतीचा कापलेला तुकडा दाखवा

पनवेलजवळच्या करंजाड्यातून जेएनपीटी रस्त्याला लागलं की कंटेनरचे ट्रेलर एकामागून एक जाताना दिसतात. बहुतेक लोखंडी, नागमोडी पत्र्याचे. मधूनच एखादा पांढरा, सपाट अंगाचा आणि तोंडाशी थंड हवेचं यंत्र बसवलेला जातो. तो रीफर. मे महिन्यात दुपारी पहिल्याच्या पत्र्यावर हात टेकवत नाही. दुसऱ्याच्या पोटात गोठवलेला माल शाबूत असतो. हे एकट्या यंत्राचं काम नाही. रीफरची भिंत म्हणजे धातूचे दोन पातळ पत्रे आणि मधोमध पॉलियुरेथेनचा फोम, ज्याला बाजारात सगळे ‘पफ’ म्हणतात. कॅरॅव्हॅन, म्हणजे राहायची सोय असलेली गाडी, घ्यायला निघालेल्या माणसाने आधी ही भिंत समजून घ्यावी. पलंग, ओटा आणि दिवे नंतर.

महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटन धोरण जाहीर केलं, त्याच वर्षी केरळनेही केलं. तेव्हापासून चौकशी करणारी मंडळी वाढली. आम्ही नवराबायकोही त्यांतलेच. गाड्या पाहत फिरताना एक गोष्ट सारखी जाणवली. बांधणारे बहुतेक जण व्हॅनिटी व्हॅन किंवा रुग्णवाहिकेच्या कामातून आलेले, हात चांगला, पण दाखवतात ते आतलं लॅमिनेट आणि छताची रंगीत पट्टी. भिंतीत काय आहे विचारलं की उत्तर एकच येतं: “साहेब, कंपोझिट आहे.”

कंपोझिट म्हटल्याने काहीच कळत नाही. दुकानांच्या पाट्यांना लावतात तो एसीपी, म्हणजे ॲल्युमिनियम कंपोझिट पॅनेल, तोही कंपोझिटच. तीन-चार मिलिमीटर जाडी, दोन्ही बाजूंना ॲल्युमिनियमचा पातळ थर, आत प्लॅस्टिक. स्वस्तातल्या एसीपीत हे प्लॅस्टिक साधं पॉलिएथिलीन असतं आणि ते पेट घेतं. २०१७ मध्ये लंडनच्या ग्रेनफेल टॉवरला लागलेली आग अशाच आवरणातून इमारतभर चढली. ७२ माणसं गेली. लोखंडी सांगाड्यावर एसीपी ठोकून ‘कंपोझिट कॅरॅव्हॅन’ म्हणून दाखवलेली गाडी मी दारातूनच नाकारली. उष्णता अडवायला तिच्यात काही नाही, आगीची भीती मात्र आहे.

रीफरसारखी खरी सँडविच भिंत बनताना पाहायची संधी एका लहान कारखान्यात मिळाली. तिथला मुख्य कारागीर पूर्वी फायबरच्या होड्यांवर काम केलेला. टेबलाएवढ्या सपाट साच्यावर आधी मेण चोळलं, मग जेलकोटचा हात फिरला. तो थोडा चिकट झाला की वर काचतंतूंची मॅट पसरायची आणि ब्रशने पॉलिएस्टर रेझिन पाजायचं. रेझिनमध्ये हार्डनर किती घालायचा हे तो हवेचा उष्मा पाहून ठरवत होता. जास्त पडला तर थर तापून तडकतो, कमी पडला तर दिवसभर ओला राहतो. स्टायरीनचा उग्र वास डोळ्यांना झोंबत होता. मग आला खाचांचा रोलर. मॅटमधली हवा काढण्याचं हे काम कंटाळवाणं, आणि सगळ्यांत महत्त्वाचं. “बुडबुडा राहिला ना साहेब, की पुढे तिथूनच सुटतं,” एवढंच तो बोलला आणि पुन्हा वाकला.

असे दोन कडक थर, म्हणजे भिंतीचे ‘कातडे’, तयार झाले की मध्ये फोम चिकटवायचा. इथे एक बारकावा कळला. एक्सपीएस, म्हणजे पॉलिस्टायरीनचा दाट फोम, पाण्याला बरा. पण ओलं पॉलिएस्टर रेझिन त्याच्यावर थेट टाकलं तर त्यातलं स्टायरीन फोम विरघळवून टाकतं. म्हणून कातडे आधी पूर्ण वाळवून, वेगळ्या गोंदाने जोडून, वरून प्लॅस्टिक टाकून हवा खेचून घेतात. त्या दाबाखाली गोंद सगळीकडे सारखा बसतो. नुसती वजनं ठेवून दाबलेल्या पॅनेलात पोकळ जागा राहण्याची शक्यता जास्त.

या भिंतीला ताकद कुठून येते? रेल्वेपुलाचा गर्डर पाहा: वरची आणि खालची पट्टी जाड, मधला भाग त्यांना एकमेकींपासून लांब धरून ठेवणारा. इथे दोन कातडे त्या पट्ट्यांचं काम करतात आणि फोम अंतर राखतो. अंतर दुप्पट केलं तर ताठपणा साधारण चौपट होतो, वजन मात्र थोडंच वाढतं. दीड मिलिमीटरचे दोन फायबर कातडे आणि ३० मिलिमीटर फोम धरला तर गोंदासकट चौरस मीटरला साडेसहा-सात किलो पडतात. एक मिलिमीटरचा लोखंडी पत्रा एकटाच पावणेआठ किलोचा. त्याला सांगाडा, फोम आणि आतून प्लाय लावला की अठराच्या आसपास जातो. चार मीटर लांब, दोन मीटर रुंद आणि तेवढ्याच उंच गाडीच्या भिंती आणि छत मिळून ३२ चौरस मीटर होतात. म्हणजे साडेतीनशे किलोंचा फरक. बोरघाट चढताना आणि त्याहून जास्त उतरताना ब्रेकला हा फरक कळतो. बांधणारा वजन सांगेल, त्यावर थांबू नका. कळंबोलीत आणि जेएनपीटी रस्त्याला वजनकाटे आहेत. तयार गाडी तिथे चढवा. शंभर लिटर पाणी म्हणजे आणखी शंभर किलो, तेही धरा.

मग स्क्रू. फोम स्क्रू धरत नाही. कपाट, पलंगाची बिजागरी, छत्रीचा कंस जिथे येणार, तिथे पॅनेल बनवतानाच आत लाकडाचा किंवा घट्ट पॉलियुरेथेनचा ठोकळा बसवावा लागतो. म्हणजे गाडीचा आराखडा भिंतीच्या आधी पक्का हवा. “नंतर कुठेही ठोकून देऊ” असं कोणी म्हणालं तर तिथून निघावं. नंतर पाडलेलं प्रत्येक भोक पाण्याला दिलेली वाट असते.

पाणी हा आपल्याकडचा खरा शत्रू. पनवेलचा पाऊस चार महिने आडवातिडवा मारतो. आम्ही एक वापरलेली गाडी पाहिली, बाहेरून झकास. खिडकीच्या खालच्या कोपऱ्यात नाणं वाजवत गेलो, तर टणटण आवाज एकदम भदभद झाला. खिडकी कापताना उघडी पडलेली कड कोणी बंदच केली नव्हती. आतल्या प्लायने पाणी पिऊन कातडा सोडला होता. तेव्हापासून मी सांध्यांकडेच आधी बघतो: कोपऱ्यावरच्या पट्टीखाली सीलंट सलग आहे का, कापलेली कड रेझिनने मिटवली आहे का, छतावर पाणी साचेल असा खोलगट भाग आहे का. पाइपने पाण्याचा मारा करून दाखवा म्हणावं. चांगला कारागीर रागावत नाही.

कातडा ॲल्युमिनियमचा घ्यावा की फायबरचा? कोकणात फिरणार असाल तर माझं मत फायबरला. खारी हवा त्याचं फारसं बिघडवत नाही आणि फुटला तर किनाऱ्यावर होड्या दुरुस्त करणारे हात सापडतात. ॲल्युमिनियमला पोचा पडला की तो निघत नाही, आणि लोखंडाला थेट भिडलं तर खाऱ्या दमटात ते झिजतं. रंग पांढरा ठेवा. गडद कातडा उन्हात तापून गोंदावर ताण आणतो. आतला पफ मात्र जळताना विषारी धूर सोडतो, म्हणून आग रोखणाऱ्या प्रतीचाच मागा, शेगडीमागे धातूचा पत्रा लावून घ्या आणि बाहेर पडायला दुसरी वाट ठेवा.

कागदांचं थोडक्यात. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मुळे नोंदणीशी न जुळणारा बदल मालकाला मनाने करता येत नाही, आणि मोटार कॅरॅव्हॅनसाठी एआयएस-१२४ हे वेगळं मानक आहे. त्यानुसारच्या मंजुरीचा कागद मागा.

पैसे देण्याआधी आणखी एक मागा: तुमच्याच गाडीच्या पॅनेलचा, खिडकीसाठी कापून उरलेला तुकडा. त्याची कड पाहा, रात्रभर पाण्यात बुडवून ठेवा, सकाळी थर नखाने सोडवून पाहा. तुकडा द्यायला जो तयार नाही, त्याच्याकडून गाडी घेऊ नका.