सिंहगडाचा मनोरा आणि मावळातला पडदा

वरळीचे दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले आणि मुंबईकरांना घरबसल्या चित्रे दिसू लागली. मावळाच्या वाट्याला मात्र त्यातले फारसे काही आले नाही. टीव्हीच्या लहरी जवळजवळ सरळ रेषेत जातात आणि मध्ये सह्याद्री उभा. घाटमाथ्यावरच्या एखाद्या घरात मुंबई दिसली तरी पवनेच्या आणि आंद्रेच्या खोऱ्यांत ती पोहोचणे कठीणच. चांगला कार्यक्रम तयार झाला, तरी तो डोंगर ओलांडेपर्यंत काम अर्धेच झालेले असते.

उरलेले अर्धे काम सिंहगडाने केले. बरोबर एका वर्षाने, २ ऑक्टोबर १९७३ रोजी, पुण्याचे सहक्षेपण केंद्र सुरू झाले. समुद्रसपाटीपासून सुमारे १,३०० मीटर उंचीवरच्या गडावर मनोरा असल्यामुळे मुंबईचा कार्यक्रम घाटावर दूरवर पसरू लागला. लोणावळा तिथून सरळ रेषेत साधारण ५५ किलोमीटर. तरीही तुंग, तिकोना, लोहगड, विसापूर ही मंडळी वाटेत होतीच. त्यांच्या आडोशाला वसलेल्या गावांत उंच बांबूवर अँटेना चढायची, कुणीतरी ती फिरवायचे आणि घरातून आवाज यायचा, ‘थांब, थांब, मुंग्या गेल्या!’

डोंगर लहर अडवतो, तशी ती परतवतोही. घरामागे दीडशे मीटरवर कडा असेल, तर त्यावर आपटून परतलेली लहर तीनशे मीटर जास्त चालते आणि एक मायक्रोसेकंद उशिरा पोहोचते. तेवढ्यात वीस इंची पडद्यावर चित्राची रेघ सुमारे पाऊण सेंटिमीटर पुढे सरकलेली असते. म्हणून निवेदिकेच्या शेजारी तिचीच फिकट सावली उमटायची. अँटेना नेमकी रोखणे हे त्या काळी गावातले मानाचे कसब होते.

एवढा खटाटोप करून पाहावे असे काही पडद्यावर होते, हे महत्त्वाचे. दूरदर्शनचे निर्माते आकाशानंद यांचा ‘ज्ञानदीप’ हा कार्यक्रम त्यात अग्रभागी. कार्यक्रम संपला की विषय संपला, असे त्यांनी मानले नाही. प्रेक्षकांनी एकत्र यावे, पाहिलेल्यावर बोलावे आणि काही करून दाखवावे, या आग्रहातून ठिकठिकाणी ज्ञानदीप मंडळे उभी राहिली. पाहणाऱ्याला कार्यकर्ता करण्याची ही ताकद आजही थक्क करते.

शेतकऱ्यांसाठी ‘आमची माती, आमची माणसं’ होता. मावळ हा भाताचा मुलूख. ‘इंद्रायणी’ हे वाण वडगाव मावळच्या कृषी संशोधन केंद्रातच तयार झाले आणि १९८७ मध्ये प्रसारित झाले. पण बियाणे हाती आले म्हणजे शेती सुधारली, असे होत नाही. भातलागवडीच्या चारसूत्री पद्धतीचेच पाहा. रोपे १५ आणि २५ सेंटिमीटर अशा आलटून पालटून अंतरावर लावायची आणि जवळजवळच्या चार चुडांच्या मधोमध युरिया-डीएपीची गोळी हाताने सात ते दहा सेंटिमीटर खोल खोचायची. पत्रकात हे वाचून डोके चक्रावते. चिखलातला हात, दोरीवरच्या खुणा आणि बोटांत धरलेली गोळी एकदा जवळून दिसली, की निरक्षर आजीलाही ते उमगते. दूरचित्रवाणीचे खरे सामर्थ्य इथे आहे.

पुढे उपग्रह आले. २००४ मध्ये दूरदर्शनची मोफत डीटीएच सेवा सुरू झाली. वरून येणाऱ्या लहरीला दऱ्याखोऱ्यांची अडचण फारशी उरली नाही. जुने अॅनालॉग प्रक्षेपणही देशभर जवळजवळ आवरले गेले. उपग्रहाच्या या सोयीचे मोल कोरोनाकाळात कळले. शाळा बंद होत्या आणि मोबाइलची रेंज सगळीकडे नव्हती. २० जुलै २०२० पासून एमकेसीएल नॉलेज फाउंडेशनची ‘टिलीमिली’ मालिका दूरदर्शनच्या सह्याद्री वाहिनीवर पहिली ते आठवीच्या मुलांसाठी सुरू झाली. घरातल्या, परिसरातल्या वस्तू घेऊन आईवडिलांसोबत शिकण्याची तिची रीत होती. त्यासाठी डेटापॅक लागत नव्हता, स्मार्टफोन लागत नव्हता.

आता डोंगराची सबब राहिलेली नाही. छतावर एक तबकडी बसवली की चित्र स्वच्छ दिसते. उणीव आहे ती एखादा विषय चिकाटीने लावून धरणाऱ्या निर्मात्यांची आणि कार्यक्रम एकत्र पाहून त्यावर बोलणाऱ्या मंडळांची. मावळातल्या प्रत्येक ग्रामपंचायतीने, प्रत्येक शाळेने आठवड्यातून एकदा तासभर असा कार्यक्रम मिळून पाहावा आणि मग टीव्ही बंद करून चर्चेला बसावे. त्यासाठी नवे यंत्र नको, गावाने ठरवले पाहिजे.