अमेरिकेची लेक, स्पेनचं गाव



गेल्या महिन्यात आमच्या गटाची बैठक झाली. हप्ते जमा झाले, वही मिटली आणि गप्पा परदेशावर गेल्या. कुणाचा भाचा अमेरिकेत आहे, कुणाच्या जावेचा मुलगा तिकडं जायची तयारी करतोय. तेवढ्यात मागून एक मावशी म्हणाल्या, "आपली पोरं अमेरिकेला जातात, मग अमेरिकेची पोरं कुठं जातात गं?" सगळ्या हसल्या. पण प्रश्न माझ्या डोक्यात राहिला. मी शोधाशोध केली, वाचलं, आणि आज त्याचंच उत्तर तुम्हाला सांगायला बसले आहे.

अमेरिकेची पोरंही घर सोडतात. त्यातली बरीच स्पेनला जातात. अमेरिकेतल्या शाळांमध्ये परकी भाषा म्हणून सगळ्यात जास्त स्पॅनिशच शिकवतात, त्यामुळे तो देश त्यांना त्यातल्या त्यात ओळखीचा वाटतो. शिवाय स्पेनचं शिक्षण मंत्रालय दरवर्षी अमेरिकेच्या तरुणांना सरकारी शाळांत संभाषण सहायक म्हणून बोलावतं. काम सोपं वाटतं: वर्गात शिक्षकाच्या सोबत उभं राहून मुलांशी इंग्रजी बोलायचं. ऑक्टोबर ते मे एवढी मुदत. अलीकडच्या वर्षांत बहुतेक ठिकाणी आठवड्याला १४ तासांचं काम आणि महिना ८०० युरो मानधन, म्हणजे सत्तर हजार रुपयांहून जास्त. ऐकायला मोठी रक्कम आहे, पण भाडं, बस आणि किराणा तिकडच्या भावानं द्यायचा असतो.

आपण अशीच एक मुलगी डोळ्यांसमोर आणू. वय तेवीस, ओहायो राज्यातली. तिला वाटलं होतं माद्रिद किंवा बार्सिलोना मिळेल. मिळालं उबेदा. दक्षिणेच्या आंदालुसिया भागातल्या हाएन प्रांतातलं जुनं गाव, भोवती नजर पोचेल तिथवर ऑलिव्हची झाडं. जगात सगळ्यात जास्त ऑलिव्हचं तेल याच प्रांतात निघतं. आता या मुलीचं बस्तान कसं बसतं ते बघू.

पहिली गोष्ट कागदांची. अमेरिकेचा पासपोर्ट असला की फिरायला म्हणून ९० दिवस स्पेनमध्ये व्हिसाशिवाय राहता येतं. त्याहून जास्त राहायचं तर मायदेशातच स्पेनच्या वकिलातीकडून व्हिसा काढावा लागतो. सहा महिन्यांहून अधिक राहायचं असेल तर पोलिसांत गुन्हा नसल्याचा दाखला आणि डॉक्टरचा दाखला हवा. तो पोलीस दाखला खरा आहे असा सरकारी शिक्का हवा, आणि वर त्याचं शपथबद्ध भाषांतरकाराकडून केलेलं स्पॅनिश भाषांतर हवं. एवढा खटाटोप करून मुलगी विमानात बसते आणि तिला वाटतं, सुटले! पण खरं काम उतरल्यावर सुरू होतं. एका महिन्याच्या आत तिला परदेशी नागरिकाच्या ओळखपत्रासाठी अर्ज करावा लागतो.

ओळखपत्राआधी मात्र नाव लागतं गावाच्या नोंदवहीत. या वहीला स्पेनमध्ये पाद्रोन म्हणतात. ती नगरपालिकेत असते. स्पेनच्या कायद्यानं जो माणूस ज्या गावात राहतो त्यानं त्या गावच्या पाद्रोनमध्ये नाव घालायचंच असतं, मग तो कुठल्याही देशाचा असो. पासपोर्ट आणि भाडेकरार दाखवला की नाव चढतं आणि दाखला मिळतो. आपल्याकडचा रहिवासी दाखला जसा पुढच्या दहा कामांना लागतो, तसंच हे. ओळखपत्राला तो मागतात, दवाखान्यात नाव नोंदवताना मागतात.

अडचण कुठं येते? घरमालकापाशी. काही मालक तोंडी भाड्यानं खोली देतात आणि करार करत नाहीत. काही म्हणतात, राहा, पण पाद्रोनला माझा पत्ता लावू नकोस. मग मुलगी राहते गावात, पण कागदावर ती कुठंच नसते. म्हणून तिकडं आधी जाऊन आलेल्या मुली नव्या मुलींना एकच सांगतात: पैसे देण्याआधी विचार, "इथं माझं पाद्रोन होईल ना?" आणि खोली डोळ्यांनी बघितल्याशिवाय एक युरोही पाठवू नकोस. फोटोवर भुलून परक्या खात्यात पैसे पाठवले आणि गेल्यावर तिथं घरच नव्हतं, असं अनेकांचं झालं आहे. अख्खं घर भाड्यानं घेतलं तर कायद्यानं एका महिन्याचं भाडं अनामत म्हणून ठेवायचं असतं. दिलेल्या पैशाची पावती हवीच.

मग ओळखपत्र. त्यासाठी आधी वेळ ठरवून घ्यावी लागते. ठरवून घेतलेल्या या वेळेला अमेरिकेत स्पॅनिश शिकलेली मुलगी 'सीता प्रेविया' म्हणते, आणि स्पेनमधले बरेच जण 'थीता प्रेविया'. नाव काही म्हणा, मिळणं अवघड. संगणकावर रोज बघायचं आणि रोज वाचायचं, 'वेळ शिल्लक नाही'. मिळाली की भरलेला अर्ज, बँकेत भरलेल्या शुल्काची पावती, फोटो, पासपोर्ट आणि पाद्रोनचा दाखला घेऊन पोलिसांच्या परदेशी नागरिक विभागात जायचं, बोटांचे ठसे द्यायचे. महिनाभरानं पत्र हातात येतं. त्यावरचा क्रमांक म्हणजे एक अक्षर, सात आकडे, पुन्हा एक अक्षर. फोनपासून बँकेपर्यंत सगळीकडं तोच विचारतात.

इथं एक गंमत सांगते. स्पेनमध्ये प्रत्येकाला दोन आडनावं असतात, एक वडिलांकडचं आणि एक आईकडचं. लग्न झालं म्हणून बाई आपलं आडनाव बदलत नाही. जन्माचं नाव मरेपर्यंत तेच. मुलांना आई-बाप दोघांचंही आडनाव लागतं, आणि कुणाचं आधी लावायचं हे १९९९च्या कायद्यापासून आई-बाप ठरवू शकतात. अमेरिकेच्या मुलीला मात्र एकच आडनाव, आणि एक मधलं नाव. अर्जावर दुसऱ्या आडनावाची चौकट रिकामी दिसली की कुणी तिचं मधलंच नाव आडनाव समजून बसतं. मग बँकेत एक नाव, दाखल्यावर दुसरं, आणि काम अडतं. मैत्रिणींनो, आधारवर माहेरचं नाव आणि पासबुकावर सासरचं, म्हणून कर्जाचा अर्ज परत आलेला आपल्यातल्या कितीजणींनी बघितला आहे! उपाय तिथंही तोच: पासपोर्टवर जसं आहे तसंच, अक्षर न् अक्षर, सगळीकडं लिहायचं.

पैशाचंही ऐका. पहिलं मानधन हातात यायला कधी कधी नोव्हेंबर-डिसेंबर उजाडतो. खोलीचं भाडं मात्र पहिल्याच दिवशी द्यायचं असतं. म्हणून जाताना दोन-तीन महिन्यांच्या खर्चाएवढी बचत गाठीशी बांधून जा असं सांगतात. शिवाय अमेरिकेचा नागरिक जगात कुठंही कमवत असला तरी त्याला आपल्या देशाच्या कर खात्याला हिशोब द्यावा लागतो. म्हणून स्पेनची बँक खातं उघडताना या मुलीकडून अमेरिकेचा कर क्रमांकही लिहून घेते.

आता घरात येऊ. अमेरिकेत विजेचा दाब १२० व्होल्ट, स्पेनमध्ये २३०. घरून आणलेलं केस वाळवायचं यंत्र नुसता पिनेचा जोड लावून चालू केलं की धूर. प्रत्येक घरानं किती वीज एका वेळी ओढायची याचा करार असतो. ओव्हन, हीटर आणि कपडे धुण्याचं यंत्र एकदम लावलं की खटका पडून घरात अंधार. कपडे वाळवायचं यंत्र बहुतेक घरांत नाहीच. खिडकीबाहेर दोरीवर कपडे टाकायचे. आणि गावातल्या बऱ्याच घरांत गॅसचा सिलिंडर असतो बरं का! नारिंगी रंगाचा, साडेबारा किलो गॅसचा. आपला १४.२ किलोचा. अमेरिकेत नळातून येणाऱ्या गॅसची किंवा विजेच्या शेगडीची सवय असलेल्या मुलीचा गॅस अंघोळीच्या मध्येच संपतो, गार पाणी अंगावर येतं, आणि एक सिलिंडर भरलेला ठेवायचा असतो हे ती त्या दिवशी शिकते.

स्पेन म्हणजे ऊन, अशा समजुतीनं ती आलेली असते. पण उबेदा उंचावर आहे. डिसेंबरात घरातली फरशी बर्फासारखी होते. तिथली जुनी युक्ती अशी: गोल टेबल, त्यावर जमिनीपर्यंत लोंबणारा जाड कपडा, आणि टेबलाखाली शेगडी. पूर्वी निखाऱ्यांची असायची, आता बहुतेक विजेची. सगळं घर पाय त्या कपड्याखाली घालून बसतं, तिथंच जेवतं, तिथंच अभ्यास करतं, तिथंच टीव्ही बघतं.

वेळेचं गणितही उलटं. दुपारचं जेवण अडीचला, रात्रीचं नऊ-दहाला. दोन वाजता दुकानं बंद होतात, पाचच्या सुमाराला उघडतात. रविवारी गाव कुलूपबंद. त्याला कारण आहे. नकाशावर स्पेन लंडनच्या रांगेत येतं, पण १९४० मध्ये तिथली घड्याळं एक तास पुढं करून जर्मनीच्या वेळेला जुळवली, ती पुन्हा मागं केलीच नाहीत. म्हणून तिथं सूर्य घड्याळाच्या मानानं उशिरा मावळतो आणि जेवणंही उशिरा होतात. जेवण झाल्यावरही कुणी उठत नाही. ताटं बाजूला सारून तासभर गप्पा, आणि त्या गप्पांना त्यांच्या भाषेत वेगळा शब्दच आहे, सोब्रेमेसा. खानावळीत मागितल्याशिवाय बिल आणत नाहीत. अमेरिकेची मुलगी वाट बघत बसते आणि मनात म्हणते, किती हलगर्जी! पण त्यांच्या मते न मागता बिल आणणं म्हणजे पाहुण्याला 'आता ऊठ' म्हणणं.

भाषा तर तिला येत होती, असं तिला वाटत होतं. पण तिनं शिकलेली स्पॅनिश मेक्सिकोच्या वळणाची. गाडीला ती 'कारो' म्हणते, स्पेनमध्ये 'कोचे'. त्यात आंदालुसियाचे लोक शब्दाच्या शेवटचा 'स' गिळतात. पुस्तकातली मराठी शिकून कुणी एकदम मालवणात उतरावं, तशी तिची गत. पहिले काही आठवडे ती हसून मान डोलावते आणि घरी येऊन रडते.

सगळ्यात अवघड महिना नोव्हेंबर. त्या महिन्याच्या चौथ्या गुरुवारी अमेरिकेत कृतज्ञतेचा सण असतो, सगळं कुटुंब एका ताटाभोवती जमतं. स्पेनमध्ये तो साधा गुरुवार. तिची रात्र नऊची, तेव्हा ओहायोत दुपारचे तीन. फोनवर भांड्यांचा आवाज येतो आणि इथं खोलीत ती एकटी. परत जावंसं वाटतं ते याच सुमाराला. असं वाटणं म्हणजे हरणं नव्हे, हे तिला कुणीतरी सांगायला हवं.

आणि हेही सांगायला हवं की अडचणीत हाक कुठं मारायची. स्पेनमध्ये कुठल्याही तातडीला ११२ हा क्रमांक. नवरा किंवा मित्र मारहाण करत असेल, धमकावत असेल तर बायकांसाठी ०१६. चोवीस तास, फुकट, इंग्रजीसह अनेक भाषांत. टेलिफोनच्या बिलावर तो दिसत नाही, फक्त मोबाइलमधल्या यादीतून आपण पुसायचा. परक्या देशात एकट्या राहणाऱ्या मुलीला हे आकडे पहिल्याच दिवशी पाठ हवेत.

मग बस्तान बसतं कशानं? कागदानं निम्मं. उरलेलं निम्मं लहान लहान रीतींनी. स्पेनमध्ये दुकानात, दवाखान्यात, लिफ्टमध्ये शिरलं की सगळ्यांना मिळून 'ओला' किंवा 'बुएनास' म्हणायचं, निघताना 'आस्ता लुएगो'. न बोलता आत शिरणारा माणूस तिथं उद्धट ठरतो. अमेरिकेच्या मुलीला अनोळखी माणसांना असं म्हणायला सुरुवातीला संकोच वाटतो. पण महिनाभर रोज म्हटलं की पावाच्या दुकानातली बाई एक दिवस आपणहून विचारते, "काय गं, काल दिसली नाहीस?" मग शाळेतली एखादी शिक्षिका घरी जेवायला बोलावते, आणि मुलगी पहिल्यांदा त्या गोल टेबलाच्या कपड्याखाली पाय घालून बसते.

शेवटची रीत मला फार आवडली. तिथल्या बाजारात मासळीच्या नाहीतर भाजीच्या गाळ्यापुढं बायका कशाही उभ्या असतात, रांग दिसतच नाही. पण रांग असते. नवी आलेली बाई विचारते, "किएन एस एल उल्तिमो?" म्हणजे, शेवटी कोण आहे? जी शेवटी असेल ती म्हणते, "मी." मग तिच्यामागं आपला नंबर. पहिल्या आठवड्यात आपल्या मुलीला हे ठाऊक नव्हतं. ती अर्धा तास उभी राहिली, सगळ्या पुढं निघून गेल्या, आणि ती रिकाम्या पिशवीनं घरी आली.

नंतर कधीतरी ती तशीच गाळ्यापुढं उभी असते. मागून एक आजीबाई येतात, इकडंतिकडं बघतात आणि विचारतात, शेवटी कोण आहे? आणि ही विचार न करता हात वर करून म्हणते, "यो." म्हणजे, मी.

मावशी, अमेरिकेची पोरं अशी कुठंतरी रांगेत उभी असतात. आपल्या पोरांसारखीच.