वेग पुरेसा नसतो! रेसिंग ड्रायव्हर घडतो कसा?

जालना : नागपूर-मुंबई समृद्धी महामार्ग जालना जिल्ह्यातून जातो. ७०१ किलोमीटर लांबीच्या या महामार्गाचा अखेरचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला. या मार्गावर मोटारींना ताशी १२० किलोमीटरपर्यंत वेगाची मुभा आहे. सरळ, रुंद रस्ता आणि दमदार इंजिनाची मोटार हाती आली, की आपणही रेसिंग ड्रायव्हर होऊ शकतो, असे एखाद्या तरुणाला वाटून जाते. मात्र महामार्गावरील वेग आणि शर्यतीचा व्यवसाय यांचा एकमेकांशी संबंध नाही. हा व्यवसाय नेमका कसा चालतो, हे समजून घ्यायचे तर आपल्याच राज्यातील जेहान दारुवाला या मुंबईकर चालकाची कारकीर्द पाहावी लागेल.

सुरुवात कार्टिंगपासून

दारुवालाचा जन्म १ ऑक्टोबर १९९८ चा. माजी राष्ट्रीय विजेते रायोमंड बनाजी यांच्या प्रशिक्षणाखाली त्याने कार्टिंग सुरू केले. कार्ट म्हणजे छत नसलेली, जमिनीपासून जेमतेम काही बोटे उंच असलेली चिमुकली गाडी. जगातील बहुतेक सर्व फॉर्म्युला वन चालकांची पहिली शाळा हीच. २०११ मध्ये सहारा फोर्स इंडिया संघाने देशभरातून होतकरू चालक शोधण्याची मोहीम राबविली. त्यात निवडल्या गेलेल्या तिघांत तेरा वर्षांचा दारुवाला होता. २०१३ मध्ये त्याने ब्रिटनमधील केएफ-३ या कनिष्ठ गटाचे अजिंक्यपद मिळविले आणि २०१४ मध्ये जागतिक केएफ अजिंक्यपद स्पर्धेत तिसरे स्थान पटकावले. ती स्पर्धा जिंकणाऱ्या मुलाचे नाव होते लँडो नॉरिस. हाच नॉरिस २०२५ मध्ये फॉर्म्युला वनचा जगज्जेता ठरला!

इथे वयाचा हिशेब ध्यानात घेतला पाहिजे. मोटार चालविण्याचा परवाना आपल्याकडे अठराव्या वर्षी मिळतो. या मुलांची जागतिक पातळीवरील पहिली मोठी परीक्षा त्याआधीच होऊन गेलेली असते.

एकेक पायरी

कार्टिंगनंतर फॉर्म्युला गाड्यांची शिडी सुरू होते. दारुवाला फॉर्म्युला रेनॉमधून २०१७ मध्ये युरोपियन फॉर्म्युला थ्रीमध्ये पोहोचला. तिथे कार्लिन संघात त्याचा सहकारी पुन्हा नॉरिसच होता. २०१९ मध्ये प्रेमा संघाकडून खेळताना त्याने एफआयए फॉर्म्युला थ्री स्पर्धेत तिसरा क्रमांक मिळविला. पुढच्या वर्षी रेड बुलच्या युवा चालक योजनेत त्याची निवड झाली आणि तो फॉर्म्युला टूमध्ये दाखल झाला. ६ डिसेंबर २०२० रोजी बहारीनमधील साखिर येथे त्याने विजय मिळविला. फॉर्म्युला टूची शर्यत जिंकणारा तो पहिला भारतीय. २०२१ मध्ये मोंझासह दोन आणि २०२२ मध्ये पुन्हा मोंझा येथे एक, असे एकूण चार विजय त्याच्या नावावर जमा झाले.

मग तो फॉर्म्युला वनमध्ये का पोहोचला नाही?

विजय आणि गुणांचे गणित

त्याचे उत्तर स्पर्धेच्या रचनेत आहे. फॉर्म्युला टूमध्ये आठवड्याअखेरीस लहान म्हणजे स्प्रिंट आणि मुख्य म्हणजे फीचर अशा शर्यती होतात. स्प्रिंटमध्ये आघाडीच्या चालकांना उलट्या क्रमाने उभे केले जाते, त्यामुळे मधल्या फळीतील चालकालाही पुढून सुरुवात करता येते. मुख्य शर्यतीत मात्र पात्रता फेरीत सर्वांत वेगवान ठरलेला चालकच पुढे असतो आणि विजयाला २५ गुण मिळतात. स्प्रिंटचे गुण त्याहून बरेच कमी. दारुवालाच्या चारपैकी तीन विजय स्प्रिंटमधले होते. २०२० मध्ये तो एकूण बारावा, तर २०२१ आणि २०२२ मध्ये सातवा आला.

फॉर्म्युला वनसाठी 'सुपर लायसन्स' लागते. त्याकरिता तीन वर्षांत ४० गुण जमवावे लागतात. फॉर्म्युला टूमध्ये पहिल्या तिघांत येणाऱ्याला हे ४० गुण एकाच मोसमात मिळतात, सातव्याच्या वाट्याला जेमतेम ८ येतात. २०२० मध्ये कार्लिनमध्ये दारुवालाचा सहकारी असलेला जपानचा युकी त्सुनोदा तिसरा आला आणि २०२१ मध्ये थेट फॉर्म्युला वनमध्ये गेला. संघ एक, गाडी तीच, युवा योजनाही तीच. फरक एका मोसमाच्या क्रमवारीचा.

त्यातच जागा मोजक्या. २०२६ पासून संघ अकरा झाले, तरी फॉर्म्युला वनमध्ये चालकांच्या जागा केवळ २२ आहेत. भारतातून आजवर तिथे दोघेच शर्यतीत उतरले : २००५ मध्ये नारायण कार्तिकेयन आणि २०१० मध्ये करुण चंधोक. दारुवालाला २०२२ मध्ये मॅक्लारेनची फॉर्म्युला वन मोटार चाचणीत चालविण्याची संधी मिळाली. पुढे तो २०२३-२४ च्या मोसमात विजेवर धावणाऱ्या मोटारींच्या फॉर्म्युला ई स्पर्धेत मासेराटी संघाकडून उतरला. ही जागतिक अजिंक्यपद स्पर्धा आहे. त्यामुळे या कारकिर्दीला अपयश म्हणणे अन्यायाचे ठरेल.

पैसा आणि शरीर

पगार मिळण्याआधी या खेळात पैसे मोजावे लागतात. फॉर्म्युला टूमधील एका मोसमाचा खर्च वीस लाख युरोंच्या, म्हणजे सुमारे वीस कोटी रुपयांच्या घरात जातो, असे सर्वसाधारणपणे सांगितले जाते. प्रायोजक किंवा घरची भक्कम आर्थिक बाजू असल्याशिवाय तेथवर पोहोचणे जवळपास अशक्यच. दारुवालाचे कुटुंब उद्योजकांचे आहे, ही बाब इथे नजरेआड करता येत नाही.

शरीराचा कसही तितकाच लागतो. डोके आणि हेल्मेट मिळून सहा-सात किलो वजन वेगवान वळणावर तीन-चार पटींनी वाढल्यासारखे भासते. ते पेलण्यासाठी मानेचा खास व्यायाम करावा लागतो. तापलेल्या कॉकपिटमध्ये तासभर एकाग्रता ढळू न देणे, टायर किती झिजले याचा अंदाज ठेवणे आणि गाडी कशी वागते ते अभियंत्यांना नेमके सांगणे, हेही चालकाचेच काम.

जालन्यातून वाट कोणती?

आपल्याकडे या खेळाचा कारभार फेडरेशन ऑफ मोटर स्पोर्ट्स क्लब्स ऑफ इंडिया ही संघटना पाहते आणि स्पर्धेसाठी तिचा परवाना घ्यावा लागतो. राष्ट्रीय पातळीवरील मोटारशर्यतींची प्रमुख केंद्रे चेन्नई आणि कोईम्बतूर येथे आहेत. जालन्यातील मुलाला सरावासाठी दर वेळी हजार किलोमीटरच्या आसपास प्रवास करावा लागेल. पालकांनी आधी कार्टिंग ट्रॅकवर मुलाची चाचणी घ्यावी, खर्चाचा हिशेब मांडावा आणि शिक्षण सुटू देऊ नये. शर्यतीच्या ट्रॅकवर मार्शल, रुग्णवाहिका आणि गाडी घसरली तर थांबविणारी जागा असते. महामार्गावर शर्यतीसाठीची अशी व्यवस्था नसते. असते ते समोरून जाणारे दुसऱ्या कुणाचे तरी कुटुंब. समृद्धीवर गाडी किती पळते, याची नोंद कोणतीही स्पर्धा घेत नाही. ट्रॅकवरील सेकंदाच्या हजाराव्या भागाची नोंद मात्र होते आणि त्यावरच कारकीर्द ठरते.