शिकत असतां अन्नाचा धंदा

विद्यार्थ्यानें धंदा करावा काय, हा प्रश्न निघाला म्हणजे पुष्कळ पालक मान हलवितात. एका हातीं पुस्तक व दुसऱ्या हातीं तराजू धरला तर दोन्ही निसटतील, असें त्यांस वाटतें. ही भीति अगदींच निराधार नाहीं. परंतु खर्च पेलवेना म्हणून ज्या घरीं मुलाचें अगर मुलीचें विद्यापीठाचें शिक्षणच थांबावयाची वेळ येते, त्या घरानें या प्रश्नाचा शांतपणें विचार करणें अवश्य आहे.

श्रम करून शिकणें आपल्याकडे नवें नाहीं. कर्मवीर भाऊराव पाटील यांनीं १९१९ सालीं रयत शिक्षण संस्था स्थापिली. पुढें साताऱ्याच्या त्यांच्या वसतिगृहांत निरनिराळ्या जातींचीं मुलें एकत्र राहून स्वतः स्वयंपाक करीत व शेतांत राबत. १९४७ सालीं साताऱ्यास निघालेल्या छत्रपति शिवाजी कॉलेजांत 'कमवा व शिका' हेंच तत्त्व उच्च शिक्षणास लाविलें गेलें.

आपल्या परभणीस तर या विषयाची शाळाच आहे म्हणाना! १९७२ सालीं येथें मराठवाडा कृषि विद्यापीठ स्थापन झालें. २०१३ पासून त्यास वसंतराव नाईक यांचें नांव आहे. त्यांत अन्नतंत्राचें स्वतंत्र महाविद्यालय आहे. भारतीय कृषि संशोधन परिषदेनें २०१५ सालीं कृषि विद्यापीठांकरितां एक योजना सुरू केली. तींतील अनुभवाच्या शिक्षणाचा हेतु असा, कीं विद्यार्थ्यांच्या गटानें माल स्वतः तयार करावा, विकावा व त्याचा हिशेबहि ठेवावा. असा धंदा टिकावयाचा तर तीन गोष्टी सांभाळाव्या लागतात.

पहिली गोष्ट माल. जें जवळ पिकतें त्यावरच धंदा उभारावा. या जिल्ह्यांत ज्वारी व सोयाबीन मुबलक. याच विद्यापीठानें २०१८ सालीं 'परभणी शक्ति' हें ज्वारीचें वाण पुढें आणिलें. त्यांत लोह व जस्त अधिक असतें. परंतु ज्वारीचा स्वभाव ओळखावा लागतो. गव्हाच्या कणकेस जो चिवटपणा असतो तो हिच्या पिठास नाहीं. म्हणून पाव फुगत नाहीं, बिस्किटें मात्र खुसखुशीत होतात. पिठांतील स्निग्धांशामुळें तें फार दिवस ठेविल्यास कडवट होतें. म्हणून लागेल तेवढेंच दळावें. सोयाबीनचें दूध काढतांना दाणे उकळत्या पाण्यांत वाटले तर उग्र वास बराच कमी होतो, आणि दूध नीट उकळल्यानें तें पचावयासहि सोपें जातें. उरलेला चोथा टाकूं नये; तो ताजा असतांच पिठांत मिसळावा, अगर जनावरांस घालावा. जेथें कांहीं वायां जात नाहीं तेथेंच धंदा चिरकाल चालतो.

दुसरी गोष्ट हिशेब. समजा, एका विद्यार्थ्यानें रविवारीं बिस्किटांचे ४० पुडे केले. सामान ८०० रुपये, इंधन १२० व वेष्टनें ८०, मिळून खर्च १००० रुपये. चाळीस रुपयांप्रमाणें ३० पुडे खपले. १२०० रुपये आले. दोनशें रुपये सुटले असें त्यास वाटतें. पण त्यांतले दहा पुडे मित्रांनीं उधारीवर नेले असतील तर हातीं आले ८०० च! शिवाय त्याचे आठ तास गेले, त्यांची मजुरी कोठेंच धरलेली नाहीं. हेंच जर त्यानें आधीं मागणी घेऊन तेवढेच पुडे भाजले असते व रोख विकले असते, तर माल उरला नसता व नफाहि खरा ठरला असता.

तिसरी गोष्ट वेळ, आणि हीच सर्वांत नाजूक. तव्यावरचा पदार्थ वाट पाहत नाहीं; परीक्षाहि पाहत नाहीं. एकट्यानें सर्व भार घेण्यापेक्षां तिघांचौघांनीं पाळ्या लावाव्या. टिकाऊ माल सुटीच्या दिवशीं करावा. आणि परीक्षेच्या महिन्यांत चूल बंद राहील, असें गिऱ्हाइकांस आधींच सांगून ठेवावें. ज्या धंद्यास महिनाभर थांबतां येत नाहीं, तो विद्यार्थ्याचा धंदा नव्हे.

अन्नाच्या व्यवहारांत आणखी एक जबाबदारी आहे. खराब कापड विकलें तर पैसे बुडतात. खराब अन्न विकलें तर माणूस आजारी पडतो. म्हणूनच २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्यानें अगदीं लहान उत्पादकासहि नोंदणी आवश्यक केली आहे. हात, भांडीं व पाणी यांची स्वच्छता ही तर नोंदणीच्याहि आधींची पायरी होय.

पालकांस विनंति इतकीच, कीं मुलानें अगर मुलीनें असा विचार बोलून दाखविला तर एकदम नकार न देतां हिशेबाची वही मागावी, आणि शेजारीं गुणपत्रिका ठेवावी. दोन्ही नीट असतील तर आशीर्वाद द्यावा. गुणपत्रिका खालावली तर धंदा आवरावयास सांगावें. पौल प्रेषित तंबू करण्याच्या धंद्यावर निर्वाह करीत असे. परंतु तंबूंकरितां त्यानें सुवार्ता सोडिली नाहीं. विद्यार्थिमित्रांनो, धंदा विद्येकरितां आहे, हें विसरूं नका.