सेप्सिस व सेप्टिक शॉक : गंभीर रुग्णांचे व्यवस्थापन आणि पिंपरी-चिंचवड–चाकण औद्योगिक पट्टा

प्रस्तावना

मोटार उद्योगाचे केंद्र म्हणून पिंपरीचे नाव होण्यापूर्वी ते प्रतिजैविकांच्या कारखान्यामुळे देशभर पोहोचले होते. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या साहाय्याने १९५४ मध्ये येथे हिंदुस्थान अँटिबायोटिक्स लिमिटेड ही सार्वजनिक क्षेत्रातील कंपनी स्थापन झाली व १९५५ मध्ये पेनिसिलिनचे उत्पादन सुरू झाले. स्थानिक लोक तिला आजही 'एच. ए.' याच नावाने ओळखतात. याच संस्थेच्या संशोधन विभागाने पुढे हॅमायसिन हे बुरशीविरोधी औषध शोधले. जंतुसंसर्गाने होणारे मृत्यू लवकरच इतिहासजमा होतील, ही त्या काळातील आशा स्वाभाविक होती.

ती आशा पूर्णतः फलद्रूप झाली नाही. 'लॅन्सेट' या नियतकालिकात २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अंदाजानुसार २०१७ या एका वर्षात जगात ४ कोटी ८९ लाख व्यक्तींना सेप्सिस झाला आणि त्याच्याशी संबंधित मृत्यूंची संख्या १ कोटी १० लाख होती. दर पाच मृत्यूंपैकी जवळजवळ एक, असे हे प्रमाण आहे. प्रस्तुत लेखात सेप्सिसची संकल्पना, त्याच्या व्यवस्थापनाचे टप्पे आणि औद्योगिक पट्ट्याच्या संदर्भात उद्भवणारे प्रश्न यांचा परामर्श घेतला आहे.

संकल्पना

'अंगात इन्फेक्शन पसरले' किंवा 'रक्तात विष झाले' या शब्दांत नातेवाईक ज्या अवस्थेचे वर्णन करतात, तिचे शास्त्रीय स्वरूप काहीसे वेगळे आहे. २०१६ मध्ये स्वीकारण्यात आलेल्या आंतरराष्ट्रीय व्याख्येनुसार, जंतुसंसर्गाला शरीराने दिलेला प्रतिसाद बेताल होऊन त्यामुळे अवयवांचे कार्य जीवघेण्या प्रमाणात बिघडणे म्हणजे सेप्सिस होय. म्हणजेच हानी केवळ जंतू करीत नाहीत, तर त्यांच्याशी लढणारी यंत्रणाही ती करते. रक्तवाहिन्या सैलावतात, केशवाहिन्यांतून द्रव बाहेर झिरपतो, सूक्ष्म गुठळ्या होतात आणि पेशींना प्राणवायूचा योग्य वापर करता येत नाही. परिणामी फुप्फुस, मूत्रपिंड, यकृत व मेंदू यांचे कार्य मंदावते.

सेप्टिक शॉक ही याच्या पुढील अवस्था होय. पुरेसा द्रव देऊनही सरासरी रक्तदाब ६५ मिलिमीटर राखण्यासाठी रक्तवाहिन्या आकुंचित करणारे औषध लागणे आणि रक्तातील लॅक्टेटचे प्रमाण लिटरमागे २ मिलिमोलपेक्षा अधिक असणे, हे तिचे निकष आहेत. या अवस्थेतील मृत्युदर ४० टक्क्यांहून अधिक आढळतो. सरासरी रक्तदाब काढण्यासाठी वरच्या व खालच्या दाबांतील फरकाचा एक तृतीयांश भाग खालच्या दाबात मिळवितात. उदाहरणार्थ, ८०/५० असा दाब असल्यास सरासरी ६० येते. म्हणजे ती आवश्यक पातळीच्या खाली असते.

व्यवस्थापनाचे टप्पे

सेप्सिसच्या उपचारांसाठी 'सर्व्हायव्हिंग सेप्सिस' या आंतरराष्ट्रीय मोहिमेने २००४ पासून वेळोवेळी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. २०२१ च्या आवृत्तीचा आशय पुढीलप्रमाणे मांडता येईल.

१. प्रतिजैविके : शॉक असल्यास किंवा सेप्सिसची शक्यता दाट असल्यास निदानानंतर तासाभरात प्रतिजैविक सुरू करावे. शॉक नसून निदान संदिग्ध असल्यास त्वरित तपासणी करावी आणि शंका कायम राहिल्यास तीन तासांच्या आत औषध द्यावे. तत्पूर्वी, विलंब होणार नसेल तर, ब्लड कल्चरसाठी रक्त घ्यावे.

२. द्रव : रक्तप्रवाह अपुरा असल्यास पहिल्या तीन तासांत किलोमागे ३० मिलिलिटर द्रव शिरेवाटे देण्याची सूचना आहे, ६० किलो वजनाच्या रुग्णास हे प्रमाण १,८०० मिलिलिटर होते. साध्या सलाईनपेक्षा रिंगर लॅक्टेटसारख्या संतुलित द्रावणांना पसंती दिली आहे.

३. रक्तदाब : पहिले औषध नॉरॲड्रेनॅलिन होय. त्याची मात्रा वाढत गेल्यास व्हॅसोप्रेसिनची जोड द्यावी आणि गरज टिकून राहिल्यास हायड्रोकॉर्टिसोन द्यावे.

४. उगमस्थानाचे नियंत्रण : पू साठला असल्यास तो काढणे, कुजलेली ऊती कापून टाकणे, मूत्रमार्गातील अडथळा दूर करणे व संसर्गित नळी बदलणे ही कामे शक्य तितक्या लवकर व्हावीत. पू तसाच राहिल्यास उत्तम प्रतिजैविकही अपुरे पडते.

५. आधार : व्हेंटिलेटरवर श्वासाचे आकारमान मर्यादित ठेवणे, रक्तशर्करेचे नियंत्रण, आवश्यकतेनुसार डायलिसिस व गुठळ्यांना प्रतिबंध यांचा यात समावेश होतो.

संशोधनाने बदललेल्या समजुती

अमेरिकेत २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात ठरावीक उद्दिष्टे ठेवून केलेल्या त्वरित उपचारांनी मृत्युदर ४६.५ टक्क्यांवरून ३०.५ टक्क्यांवर आल्याचे दिसले. मात्र २०१४ व २०१५ मधील तीन मोठ्या प्रयोगांत त्या गुंतागुंतीच्या पद्धतीचा दक्ष नेहमीच्या उपचारांपेक्षा अधिक लाभ आढळला नाही. महागड्या मोजमापांपेक्षा लवकर ओळख व लवकर उपचार अधिक निर्णायक आहेत, असा त्याचा अर्थ लावला जातो.

दुसरा धडा सावधगिरीचा आहे. झांबियात २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात रक्तदाब घटलेल्या सेप्सिसच्या प्रौढ रुग्णांना नियमबद्ध पद्धतीने अधिक द्रव दिला असता मृत्युदर ४८.१ टक्के, तर नेहमीच्या उपचारांत ३३ टक्के होता. जेथे व्हेंटिलेटर सहज उपलब्ध नसतात, तेथे अतिरिक्त सलाईन फुप्फुसांत साचून घातक ठरू शकते. म्हणून प्रत्येक बाटलीनंतर रुग्णाची फेरतपासणी अनिवार्य ठरते. नखावर दाब देऊन सोडल्यावर रंग परतण्यास तीन सेकंदांहून अधिक वेळ लागतो का, ही विनाखर्चाची तपासणीही येथे उपयोगी पडते.

औद्योगिक पट्ट्याचा संदर्भ

पिंपरी-चिंचवड परिसरात महापालिकेचे यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय, वैद्यकीय महाविद्यालये व खासगी अतिदक्षता विभाग आहेत. चाकण येथे ग्रामीण रुग्णालय आहे. प्रश्न केवळ खाटांचा नाही. रुग्ण त्या खाटेपर्यंत कोणत्या तासाला पोहोचतो, हा आहे. चाकणहून पिंपरीचे अंतर सुमारे २० किलोमीटर असले, तरी पाळी सुटण्याच्या वेळी पुणे–नाशिक महामार्गावरील कोंडीत ते कित्येक पटींनी वाढते.

रस्त्यापूर्वीचा विलंब अधिक दीर्घ असतो. प्रेस मशिनवर चेंगरलेले बोट किंवा भाजल्याची जखम झाकून कंत्राटी कामगार कामावर जातो, कारण खाड्याचा पगार कापला जातो. भाड्याच्या खोलीत एकट्याने राहणाऱ्या तरुणाचे असंबद्ध बोलणे लक्षात घेणारे कोणी नसते. औषध दुकानातून घेतलेल्या दोन-चार गोळ्यांनी ताप उतरतो. संसर्ग मात्र राहतो आणि प्रतिरोधक जंतू बळावतात. या प्रवृत्तीला आळा घालण्यासाठी १ मार्च २०१४ पासून अनेक प्रतिजैविके 'एच-१' परिशिष्टात घालण्यात आली. पावसाळ्यात लेप्टोस्पायरोसिस, स्क्रब टायफस, मलेरिया व डेंग्यू यांचे चित्र सेप्सिससारखेच दिसते. पहिल्या दोहोंत डॉक्सिसायक्लिन गुणकारी ठरते, मलेरियाला स्वतंत्र औषध लागते, तर डेंग्यूच्या विषाणूवर प्रतिजैविकाचा उपयोग नसतो. त्यामुळे सरसकट औषध देण्यापेक्षा स्थानिक रोगांचे ज्ञान महत्त्वाचे ठरते.

गडचिरोलीचा अनुभव

वेळीच ओळख झाल्यास साध्या साधनांनीही काय साधते, याचे उदाहरण महाराष्ट्रातच आहे. डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' या संस्थेने गडचिरोलीतील ३९ गावांत प्रशिक्षित आरोग्यसेविकांमार्फत नवजात बालकांची घरोघरी काळजी घेतली. ठरावीक लक्षणांवरून सेप्सिस ओळखून त्या को-ट्रायमॉक्साझोल व जेंटामायसिन देत. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार सेप्सिस झालेल्या नवजात बालकांतील मृत्यूचे प्रमाण १६.६ टक्क्यांवरून २.८ टक्क्यांवर आले. प्रौढ कामगारांचा सेप्सिस वेगळा आहे आणि त्याचे उपचार रुग्णालयातच व्हावयास हवेत. तथापि लक्षणे ओळखण्याचे काम वैद्यकीय पदवी नसलेली व्यक्तीही करू शकते, हे यावरून सिद्ध होते.

समारोप

या पट्ट्यातील महाविद्यालयांचे अनेक विद्यार्थी रात्रपाळी करून वर्गात येतात, काही शिकाऊ उमेदवार म्हणून यंत्रांवर उभे असतात. त्यांच्यातील कोणाची जखम सुजली वा ताप आला आणि त्यासोबत श्वास जलद झाला, बोलण्यात गोंधळ दिसला, लघवी कमी झाली, हातपाय गार पडले किंवा त्वचेवर निळसर छटा आली, तर तो 'थकवा' नव्हे, हे प्राध्यापकांस ठाऊक असावयास हवे. अशा वेळी महाराष्ट्रात २०१४ मध्ये सुरू झालेल्या १०८ क्रमांकाच्या रुग्णवाहिकेस पाचारण करणे आणि रुग्णालयात 'हा सेप्सिस असू शकेल का?' असा स्पष्ट प्रश्न विचारणे उचित ठरेल. राष्ट्रीय सेवा योजनेची शिबिरे व प्रथमोपचाराचे वर्ग यांत या लक्षणांचा अर्ध्या तासाचा पाठ समाविष्ट करणे सहज शक्य आहे. त्यासाठी नवी इमारत वा मोठा निधी लागत नाही. अतिदक्षता विभागातील उपचारांचे यश बहुतांशी रुग्ण तेथे पोहोचण्यापूर्वीच्या तासांवर अवलंबून असते, आणि ते तास वाचविणे समाजाच्या हाती आहे.