शिट्टी कोणाच्या हाती?

ऑक्टोबर २००६. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातले मेपल व्हॅली हे गाव. शाळकरी मुलांचा फुटबॉलचा सामना रंगात आला होता. हा फुटबॉल म्हणजे त्यांचा, हेल्मेट घालून एकमेकांच्या अंगावर झेपावण्याचा. झॅकरी लिस्टेट या १३ वर्षांच्या मुलाने प्रतिस्पर्ध्याला अडवले आणि पडताना त्याचे डोके जमिनीवर आपटले. त्याला थोडा वेळ बाहेर बसवले आणि उत्तरार्धात पुन्हा मैदानात उतरवले. सामना संपता संपता तो कोसळला. सिअ‍ॅटलच्या रुग्णालयात मेंदूवरचा दाब उतरवण्यासाठी कवटीचे तुकडे काढावे लागले. पहिला शब्द उच्चारायला त्याला नऊ महिने लागले.

मार बसलेला मेंदू सावरायच्या आत दुसरा आघात झाला, तर तो जिवावर बेततो. वैद्यकाला हे ठाऊक होते. मैदानाच्या कडेला उभ्या असलेल्या मोठ्या माणसाला ते ठाऊक असलेच पाहिजे, असा कायदा मात्र तेव्हा कुठल्याच राज्यात नव्हता. त्या क्षणी मुलाचे आयुष्य ज्याच्या निर्णयावर लोंबकळत होते, त्याच्याकडून समाजाने काय मागायला हवे होते? शालेय खेळांच्या प्रशिक्षकांना परवाना असावा का, या रुक्ष वाटणाऱ्या प्रश्नाचा गाभा माझ्या मते इथे आहे.

मास्तर कमी पडले तेव्हा

अमेरिकेत शाळेतला खेळ म्हणजे गावाचा उत्सव असतो. शुक्रवारी रात्री शाळेच्या मैदानावर दिवे लागले की गाव तिकडे लोटते. राज्याराज्यांच्या शालेय क्रीडा संघटनांचा राष्ट्रीय महासंघ १९२० मध्ये स्थापन झाला. आज त्या छत्राखाली दरवर्षी ८० लाखांहून अधिक विद्यार्थी-खेळाडूंचा सहभाग नोंदवला जातो.

पूर्वी प्रशिक्षक म्हणजे शाळेतलाच शिक्षक. सकाळी इतिहास शिकवायचा, संध्याकाळी शिट्टी घेऊन मैदानावर यायचे. शिक्षक म्हणून त्याची पारख आधीच झालेली असे, त्यामुळे वेगळा कागद कोणी मागत नसे. ही घडी १९७२ मध्ये बदलली. शिक्षणात लिंगभेद करण्यास मनाई करणारा ‘टायटल नाइन’ नावाने ओळखला जाणारा कायदा आला. त्याआधीच्या वर्षी हायस्कूलच्या खेळांत मुली तीन लाखांहूनही कमी होत्या. कायद्यानंतर मुलींचे संघ भराभर उभे राहिले आणि त्यांना शिकवायला शिक्षक पुरेनात. शाळांनी बाहेरची माणसे बोलावली. कोणी विमा एजंट, कोणी सुतार, कोणी जुना खेळाडू. मोबदला हंगामाला काही हजार डॉलर, त्यामुळे पोटासाठी हे काम करणारे थोडेच. बहुतेक जण खेळावरच्या प्रेमाने येत. पण प्रेमाने येणाऱ्याला उष्माघात ओळखता येईल, याची खात्री कोण देणार? तिथून परवान्याची गरज बोलली जाऊ लागली.

राज्य तितके नियम

तिथे शिक्षण हा राज्यांचा विषय, म्हणून नियमही राज्यागणिक वेगळे. न्यू यॉर्कमध्ये पात्र शारीरिक शिक्षणाच्या शिक्षकाला कोणताही खेळ शिकवता येतो. इतर विषयांच्या शिक्षकाला प्रथमोपचाराबरोबर प्रशिक्षणाचा अभ्यासक्रम करावा लागतो. शिक्षक नसलेल्याला आधी तात्पुरता परवाना मिळतो आणि पुढे तेच अभ्यासक्रम पुरे करावे लागतात. त्यांचे तीन भाग आहेत: शिक्षणात खेळाचे स्थान काय, खेळाशी संबंधित आरोग्यशास्त्र, आणि त्या त्या खेळाचे तंत्र.

आयोवा राज्यात १८ वर्षे पूर्ण झालेल्या कोणालाही अर्ज करता येतो, पदवीची अट नाही. मात्र शरीराची रचना व कार्य, मुलांची वाढ, दुखापतींची काळजी आणि प्रशिक्षणाची नीती हे विषय शिकावेच लागतात आणि बोटांचे ठसे देऊन पूर्वेतिहास तपासून घ्यावा लागतो. ओहायोत शालेय उपक्रमांसाठीचा परवाना लागतो. त्यात प्रथमोपचार, छातीदाबाने हृदय चालू ठेवण्याचे शिक्षण, डोक्याची दुखापत आणि अचानक हृदय बंद पडणे हे सारे येते. अलीकडे मुलांच्या मानसिक आरोग्याचे प्रशिक्षणही त्यात जोडले गेले. टेक्सासने वेगळीच वाट धरली. तिथे बहुतेक खेळांचा प्रशिक्षक शाळेचा पूर्णवेळ नोकरदारच असावा लागतो.

या नियमांत दोन जातींच्या अटी एकमेकींत मिसळलेल्या दिसतात. काही अटी मुलाच्या जिवाशी बांधलेल्या आहेत, तर काही माणसाच्या हुद्द्याशी. हा भेद नीट पाहिला नाही, तर परवान्याच्या बाजूने आणि विरुद्ध बोलणारे दोघेही अर्धेच खरे ठरतात.

परवान्याविरुद्धची तक्रार

विरोधकांचे म्हणणे हलके नाही. मिल्टन फ्रीडमन यांनी १९६२ मध्येच बजावले होते की, परवाने ग्राहकाच्या नावाने मागितले जातात, पण पुष्कळदा धंद्यात आधीपासून असलेल्यांच्या भिंती उंच करतात. मॉरिस क्लाइनर या अर्थतज्ज्ञाने या विषयाला आयुष्य दिले. १९५० च्या दशकात अमेरिकेत वीसातल्या एका कामगाराला परवाना लागत असे, आज सुमारे चौघांतल्या एकाला लागतो. ‘इन्स्टिट्यूट फॉर जस्टिस’ ही संस्था मध्यम आणि कमी उत्पन्नाच्या १०२ व्यवसायांचे परवाने तपासते. त्या यादीत हायस्कूलचा मुख्य प्रशिक्षकही आहे. केस कापण्या-सजवण्याच्या परवान्याला सरासरी वर्षभर घालवावे लागते आणि रुग्णवाहिकेतून जीव वाचवणाऱ्या तंत्रज्ञाला महिनाभरच, ही विसंगती याच संस्थेने लोकांपुढे ठेवली.

ही तक्रार मराठी माणसाला पटकन उमगेल. क्रिकेट शिकवणाऱ्या रमाकांत आचरेकर सरांची आठवण काढा. स्टेट बँकेतली नोकरी, प्रथम श्रेणीचा उणापुरा एक सामना, आणि संध्याकाळी शिवाजी पार्क. शारदाश्रमच्या दोन पोरांनी फेब्रुवारी १९८८ मध्ये हॅरिस शील्डमध्ये ६६४ धावांची अभेद्य भागीदारी रचली, ती पोरे याच सरांच्या हाताखाली घडलेली. १९९० मध्ये त्यांना द्रोणाचार्य पुरस्कार मिळाला. अशा माणसाची नजर कुठल्याही अभ्यासक्रमात मावणारी नव्हती. खेळाची जाण मोजणारी परीक्षा दारात उभी केली, तर असे कितीतरी गुरू दाराबाहेरच राहतील. ज्या खेड्यात एकच माणूस कुस्ती जाणतो, तिथे पदवीचा आग्रह म्हणजे आखाडा बंद.

म्हणून खेळ किती कळतो, हे परवान्याने विचारू नये. ते निकाल सांगतात, मुले सांगतात, गाव सांगते.

केंटकीतली दुपार

तर मग परवान्याने काय विचारावे? याचे उत्तर केंटकी राज्याने फार मोठी किंमत मोजून शोधले. २० ऑगस्ट २००८ रोजी लुइव्हिल शहरात फुटबॉलच्या सरावात मुलांना पुन्हा पुन्हा धावायला लावले गेले. मॅक्स गिल्पिन हा १५ वर्षांचा मुलगा कोसळला. रुग्णालयात पोहोचला तेव्हा त्याच्या शरीराचे तापमान १०७ अंश फॅरनहाइटच्या आसपास होते. तीन दिवसांनी तो गेला. प्रशिक्षकावर फौजदारी खटला चालला. असा खटला उभा राहणे हीच अत्यंत विरळ गोष्ट होती. २००९ मध्ये ज्युरीने त्याला निर्दोष ठरवले.

न्यायालयाचा निकाल मान्य करूनही एक गोष्ट उरते. परिश्रमातून होणारा उष्माघात हा वाचवता येणारा मृत्यू आहे. खेळाडू बरळू लागला, त्याचा तोल गेला, तर त्याला तिथेच बर्फाच्या पाण्याने भरलेल्या टबात गळ्यापर्यंत बुडवायचे. अर्ध्या तासाच्या आत ताप उतरला, तर जीव वाचण्याची शक्यता जवळजवळ पूर्ण असते. ‘आधी थंड करा, मग दवाखान्यात न्या’ हा त्याचा मंत्र. कनेक्टिकट विद्यापीठातली कोरी स्ट्रिंगर संस्था हाच मंत्र शिकवते. २००१ मध्ये सरावात उष्माघाताने गेलेल्या व्यावसायिक खेळाडूचे नाव तिला दिले आहे. त्यासाठी लागते ते पिंपभर पाणी, बर्फ आणि पाच मिनिटांत निर्णय घेणारे डोके.

केंटकीने २००९ मध्ये कायदा केला: प्रत्येक प्रशिक्षकाने क्रीडा-सुरक्षेचा अभ्यासक्रम पूर्ण करून परीक्षा द्यावी आणि तो पूर्ण केलेली किमान एक व्यक्ती प्रत्येक सरावाला व सामन्याला हजर असावी. या कायद्यात पदवीचा उल्लेख नाही, हुद्द्याचा नाही. पोर कोसळले तर मैदानावर जाणता माणूस असेल, एवढीच हमी त्याने मागितली. मला हा परवान्याचा सर्वात शुद्ध नमुना वाटतो.

त्याच वर्षी वॉशिंग्टनमध्ये झॅकरीच्या नावाचा कायदा झाला. डोक्याला मार बसल्याची शंका आली, तरी खेळाडूला लगेच बाहेर काढायचे. परवानाधारक वैद्यकीय व्यक्तीने लेखी संमती दिल्याशिवाय परत घ्यायचे नाही. दरवर्षी पालकांनी माहितीपत्रक वाचून सही करायची. २०१४ पर्यंत पन्नासही राज्यांनी असे कायदे केले. एका मुलाच्या दुखापतीतून निघालेले तीन नियम पाच वर्षांत साऱ्या देशाने स्वीकारले.

अडीच तासांची शिकवण

थोड्या प्रशिक्षणाने काय होणार, असे वाटणाऱ्यांसाठी एक जुना प्रयोग आहे. वॉशिंग्टन विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ रोनाल्ड स्मिथ आणि फ्रँक स्मॉल यांनी लहान मुलांच्या बेसबॉल प्रशिक्षकांसाठी अडीच तासांची एक कार्यशाळा आखली. चूक झाल्यावर ओरडण्याऐवजी धीर द्या आणि नेमके काय करायचे ते सांगा, प्रयत्नाची दखल घ्या, शिक्षा टाळा, हे तिचे सार. १९९२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात शिकलेल्या प्रशिक्षकांच्या संघांतली ५ टक्के मुले पुढच्या हंगामात परतली नाहीत, तर इतर संघांतली २६ टक्के. अडीच तासांच्या बोलण्याने इतकी पोरे मैदानावर टिकली. खेळ सुटलेल्या मुलाची नोंद कुठल्याच रुग्णालयात होत नाही, म्हणून हे नुकसान आपल्याला दिसत नाही.

कागदाच्या मर्यादाही स्पष्ट सांगायला हव्यात. जिम्नॅस्टिक्सच्या मुलींचे वर्षानुवर्षे लैंगिक शोषण करणारा लॅरी नासर हा परवानाधारक डॉक्टर होता. पोलिसांची पडताळणी आधी पकडल्या गेलेल्यांनाच अडवते. २०१८ च्या संघराज्यीय कायद्याने ऑलिंपिक वर्तुळातल्या मोठ्या माणसांना शोषणाचा संशय येताच कळवणे बंधनकारक केले आणि मुलांशी एकांतात राहण्यावर मर्यादा आणण्याची दिशा दिली. सुरक्षितता भिंतीवर टांगलेल्या प्रमाणपत्रात नसते, ती रोजच्या रिवाजात मुरावी लागते. परवाना त्या रिवाजाची सुरुवात करून देतो, त्याहून जास्त काही नाही.

आपल्या मैदानावर

आपल्याकडे याच प्रश्नाचे उत्तर वेगळ्या वाटेने शोधले गेले. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची परंपरा १९१४ पासूनची. पतियाळाची राष्ट्रीय क्रीडा संस्था १९६१ ची. बी.पी.एड. आता दोन वर्षांचे आहे. ज्ञानाला आपण तोटा पडू दिलेला नाही. पण हे सारे नोकरीच्या दारातले कागद आहेत. एकदा दाखवले की फाइलमध्ये बंद. शिक्षणहक्क कायद्याने सहावी ते आठवीसाठी, पटावर शंभरहून जास्त मुले असतील तर, आरोग्य व शारीरिक शिक्षणाचा अर्धवेळ निदेशक ठेवायला सांगितले. त्या निदेशकाला मूर्च्छित मुलाचे काय करायचे हे दर दोन वर्षांनी पुन्हा शिकवले जावे, असे मात्र त्यात नाही.

विदर्भातल्या उन्हात मुले धावतात. कबड्डीत डोक्याला डोके आदळते. मल्लखांबावरून पोर मानेवर पडू शकते. तिथे उभे असलेले पी.टी.चे सर बहुधा जीव ओतून शिकवणारे असतात. त्यांच्या हेतूवर शंका घेण्याचे कारण नाही. जिवाची वेळ आली तर काय करायचे, हे त्यांना कोणीतरी शिकवले पाहिजे आणि ते काम सरांच्या खिशातून होऊ नये.

अमेरिकेकडून आपण पदव्यांची उतरंड घेऊ नये. केंटकीचे एक वाक्य घ्यावे: प्रत्येक सरावाला एक शिकलेला माणूस. दोन दिवसांचे शिबिर पुरेल. ऊन, डोके, हृदय आणि मुलांशी वागण्याची मर्यादा, हे चार धडे. शाळेचा शिपाई, आखाड्यातला वस्ताद, माजी खेळाडू, कोणालाही ते घेता यावेत. त्यामुळे कुठलाही आचरेकर दाराबाहेर राहणार नाही.

झॅकरी २०११ मध्ये शाळेच्या पदवीदान समारंभात चाकांच्या खुर्चीतून उठला आणि आधार घेत व्यासपीठावरून चालत गेला. त्याच्या नावाच्या कायद्याचे सार मराठीत चार शब्दांत बसते: शंका आली, खेळाडू बाहेर. हे आपल्या प्रत्येक क्रीडांगणाच्या भिंतीवर रंगवता येईल. आणि यंदा शाळेत पालकसभेला जाल तेव्हा निकालाबरोबर सरांना आणखी एक गोष्ट विचारा: सराव चालू असताना बर्फ कुठे ठेवलेला असतो?